हा सूर्य, हा जयद्रथ!

करंजाड्याच्या नाक्यावर, पनवेल स्थानकाच्या फलाटावर किंवा ठाण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये संगणकाच्या धंद्यातील तरुणांच्या गप्पा ज्याने कान देऊन ऐकल्या असतील, त्याला ह्या पिढीच्या हजरजबाबीपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. गप्पांना प्रारंभ होतो तो आदल्या रात्री अडून बसलेल्या प्रोग्रॅमपासून. कोणाच्या चुकीने काय बंद पडले, ती चूक कोणी हुडकून काढली, आणि ज्याची चूक त्यानेच ती दुसऱ्याच्या माथी मारण्याचा कसा प्रयत्न केला, ह्याची खमंग चर्चा होते. तेथून गाडी ताज्या बातमीवर येते, बातमीवरून सरकारवर, सरकारवरून विरोधी पक्षांवर. आणि तुर्भे यावयाच्या आत देशाच्या यच्चयावत् प्रश्नांचा निकाल लागलेला असतो! कचेरीत पोचल्यावरही ही मैफल मोडत नाही. मोबाईलच्या पडद्यावर ती दिवसभर चालूच राहते.

ह्या गप्पांवर अनेकांचा रोष आहे. वरिष्ठ म्हणतात, पगार घेता तो कोड लिहिण्याचा, राजकारणाच्या उठाठेवी हव्यात कशाला? घरची वडील मंडळी म्हणतात, बाबा रे, काय वाटेल ते लिहू नकोस, उद्या नोकरीवर गदा येईल. आणि राजकारणी म्हणतात, वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या ह्या पोरांना लोकांचे काय कळते? ह्या तिन्ही आक्षेपकांच्या पंक्तीला बसावयास आम्ही तयार नाही. शिकलेल्या तरुणाने राजकारणावर बोलूच नये असे ज्या समाजात ठरते, त्या समाजाचे राजकारण न शिकलेल्यांच्या नव्हे, तर न शिकू इच्छिणाऱ्यांच्या हाती जाते. महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन तरी दुसऱ्या कशातून उभे राहिले? कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर हे दोघे तरुण मित्र डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, आणि त्या कोठडीतही त्यांचे वादविवाद थांबले नाहीत. पुढे मतभेद विकोपाला गेले, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या; परंतु त्या भांडणातूनच महाराष्ट्र विचार करावयास शिकला. मित्रांमित्रांतील वाद ही लोकशाहीची पहिली शाळा आहे.

शिवाय, आज ज्या मोकळेपणाने हे तरुण बोलतात तो मोकळेपणा कोणी त्यांना आंदण दिलेला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, तेव्हा त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि त्या ओळी पसंत केल्या म्हणून तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली होती. पसंतीची खूण करणे हाही गुन्हा! माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाचा त्यासाठी आधार घेतला गेला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तेव्हा थट्टामस्करीत का होईना, राजकारणावर बोलणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे ध्यानात ठेवावे, की त्याच्या ह्या हक्कासाठी कोणी तरी तुरुंगाची पायरी चढले आहे आणि कोणी तरी न्यायालयाची.

मग आमची तक्रार कसली? तक्रार ही, की ह्या बुद्धिमान मित्रांपाशी मापे दोन आहेत. कोडाची गोष्ट निघाली, की त्यांचा बाणा केवढा कडक! कोणी म्हणाला, माझा प्रोग्रॅम बिनचूक आहे, तर बाकीचे लगेच म्हणणार, चालवून दाखव. आमच्या मोठ्या साहेबांनी तो पाहिला आहे, असे त्याने सांगितले तर सारे खो खो हसतील. तेथे 'हा सूर्य, हा जयद्रथ' असा रोकडा पुरावा लागतो. परंतु तोच तरुण दहा मिनिटांनी मोबाईलवर एक संदेश पुढे ढकलतो. त्यात एक आकडा असतो, पण तो कोठून आला ते नसते. एक छायाचित्र असते, पण ते केव्हाचे ते नसते. एका थोर पुरुषाच्या तोंडी घातलेले वाक्य असते, पण ते त्याने कोठे उच्चारले ह्याचा पत्ता नसतो. येथे मात्र 'बाबा वाक्यं प्रमाणम्'! आपल्या पक्षाच्या पुढाऱ्याने केले ते धोरण, दुसऱ्याच्या पुढाऱ्याने केले तो घोटाळा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे! हा दोष एका पक्षाच्या भक्तांचा नाही. सगळ्याच गोटांत तो सारखा फैलावला आहे.

वस्तुतः ह्या धंद्याची परंपरा अगदी वेगळी आहे. चुकीला ह्या लोकांत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या एका संगणकात खरोखरीचाच एक पतंग अडकून यंत्र बिघडले. तेथील मंडळींनी काय करावे? त्यांनी तो पतंग काढून नोंदवहीच्या पानावर चिकटवला आणि खाली नोंद केली. ते पान आज तेथील संग्रहालयात आहे. चूक दडपावयाची नाही, ती वहीत चिकटवून ठेवावयाची, हा ह्या धंद्याचा पहिला संस्कार होय.

तो संस्कार अद्याप पुसला गेलेला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने पाठविलेल्या एका सदोष बदलामुळे जगभर सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावे लागले. पुढच्याच महिन्यात कंपनीने आपल्या चुकीची कारणमीमांसा प्रसिद्ध केली: जेथे एकवीस नोंदी हव्या होत्या तेथे वीसच पुरविल्या जात होत्या, आणि नसलेली एकविसावी नोंद वाचावयास गेल्यामुळे यंत्र कोसळले. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा गणिताचे शिक्षक नुसत्या उत्तराला गुण देत नसत. रीत दाखव म्हणत. प्रोग्रॅमरचा धंदा आजही रीत दाखवा म्हणणाऱ्यांचा आहे. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याखेरीज चांगल्या कंपन्यांत तो पुढे जात नाही, आणि तपासणाऱ्याने दोष काढला म्हणून त्याला कोणी देशद्रोही ठरवीत नाही. मग गप्पांत पुढे ढकललेल्या बातमीला हा नियम का नसावा?

कोणी म्हणेल, चेष्टेत पाठविलेल्या एका संदेशाचा एवढा बाऊ कशाला? त्याने एकदा राईनपाड्याचे नाव आठवावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील ह्या गावात, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी तेथे गेली होती. तशी अफवा त्या काळात मोबाईलवरून गावोगाव फिरत होती. ज्यांनी ती पुढे पाठविली त्यांपैकी बहुतेकांनी काठी हातात घेतली नसेल. त्यांनी केवळ अंगठा हलविला असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतासाठी मर्यादा जाहीर केली, की एक संदेश एका वेळी पाचांपलीकडे पुढे पाठविता येऊ नये. ही मर्यादा कोणी घातली? प्रोग्रॅमरांनीच, कोड लिहून. परंतु कोडाने अंगठा थोपविता येतो, मनात शंका उत्पन्न करता येत नाही. ती ज्याची त्यानेच उत्पन्न करावी लागते.

ह्यावर एक सयुक्तिक आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. राजकारण म्हणजे काही प्रोग्रॅम नव्हे. यंत्राला एक उत्तर बरोबर असते. माणसांच्या व्यवहारात हित वेगळे, श्रद्धा वेगळ्या, न्यायाच्या कल्पना वेगळ्या. हे अगदी खरे. आणि सारे जग एका सूत्रात बसविता येते ही घमेंड तर संगणकवाल्यांनी मुळीच बाळगू नये. परंतु प्रत्येक राजकीय वादात दोन भाग असतात. नवी मुंबईच्या विमानतळाला नाव कोणाचे असावे ह्यावर २०२१ साली येथे रण माजले होते. नाव कोणाचे, हा मताचा प्रश्न. त्यावर खुशाल दोन तट पडावेत. पण त्या विमानतळासाठी दहा गावांना आपली घरे सोडावी लागली, ही वस्तुस्थिती आहे. ती कोणाच्याही पक्षाला विचारून बदलत नाही. मताला मत द्यावे, वस्तुस्थितीला पुरावा मागावा. एवढा विवेक ज्या धंद्याला यावयाचा नाही असा कोणता धंदा आहे? आणि प्रोग्रॅमरच्या धंद्याला तर तो जन्मतःच आलेला आहे!

करंजाड्याच्या रहिवाशाला हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. ही वस्ती आकाशातून पडलेली नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली, आणि आजच्या करंजाड्यातील कित्येक इमारती त्याच योजनेच्या भूखंडांवर उभ्या आहेत. अशा इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसून, मोर्चे काढणाऱ्यांना काही उद्योग नसतो, असा विनोद जो तरुण करतो, त्याने आपल्या पायाखालच्या फरशीची कुळकथा एकदा तपासून पाहावी. विनोदाला आमची मनाई नाही. अज्ञानाला मात्र आहे.

आणि पाण्याची रड? ती करंजाड्याला नवी नाही. टँकर आला की नाही ह्यावर मोबाईलवर उपहासाचे फवारे उडतात. नळाला मात्र त्यामुळे थेंब अधिक येत नाही. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली तेव्हा करंजाडे तिच्या हद्दीबाहेर राहिले. सिडकोने वसविलेली वसाहत आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशी येथील रचना. त्यामुळे जबाबदारी कोणाची हे सामान्य माणसाला उमगत नाही. हा देखील एक बगच नव्हे काय? तो हुडकण्याची साधने कायद्याने दिलेली आहेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून लागू आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा, सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. किती पाणी मंजूर, किती प्रत्यक्ष येते, मधले कोठे मुरते, हे विचारावे. ग्रामसभा आहे, पण तेथे बसावयाचे तर गावच्या मतदारयादीत नाव हवे. राहतो करंजाड्यात आणि नाव मात्र साताऱ्याच्या किंवा परळच्या यादीत, असे किती तरी तरुण असतील. त्यांनी आधी ती एक ओळ दुरुस्त करावी.

तेव्हा मित्रहो, गप्पा मारा, खुशाल मारा. सरकारची टर उडवा, विरोधकांची उडवा, वाटल्यास संपादकांचीही उडवा! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढे मात्र करू नका. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तुमच्या धंद्यातला तो एक प्रश्न स्वतःला विचारा: हे कोणी तपासले? चूक निघाली तर ज्या मंडळीत ती पसरविली त्याच मंडळीत ती मान्य करा, नोंदवहीतल्या त्या पतंगाप्रमाणे उघडपणे चिकटवा. विरुद्ध मताच्या मित्राला शत्रू न मानता आपला तपासनीस माना. पूर्वीच्या पिढ्यांपाशी तळमळ होती, पण वस्तुस्थिती पडताळण्याची एवढी साधने नव्हती. तुमच्यापाशी साधने आहेत आणि ती वापरण्याची रोजची सवयही आहे. पोटापाण्यासाठी यंत्राशी जो सचोटीचा व्यवहार तुम्ही दररोज आठ तास करता, तो उरलेल्या वेळात आपल्या शेजाऱ्यांशी करावा, एवढेच आमचे मागणे आहे.