कर्ज नव्हे, पगारच. पण वसुली कोणाकडून?

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ब्रिटिश सरकारने एका जुन्या करवादावर नव्या तडजोडीची घोषणा केली. विषय दूरचा वाटेल. परंतु करवसुलीत राज्यसंस्था कोठे चुकते, हे समजून घेण्यासाठी तो आपल्याही उपयोगाचा आहे.

प्रकरण असे. कंत्राटी काम करणारे संगणक अभियंते, परिचारिका, समाजकार्यकर्ते यांना मध्यस्थ कंपन्यांनी एक योजना विकली. कामाचा मोबदला मध्यस्थाकडे जाई. त्यातील थोडा भाग पगार म्हणून मिळे. उरलेला बहुधा परदेशातील न्यासामार्फत ‘कर्ज’ म्हणून खात्यात येई. कर्ज हे उत्पन्न नसल्याने त्यावर कर नाही, आणि हे कर्ज फेडावे अशी कोणाचीच अपेक्षा नसे. मध्यस्थ आपले शुल्क मात्र रोख कापून घेत.

हा पगारच होता, याविषयी मला संदेह नाही. रेंजर्स फुटबॉल क्लबच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये हाच निर्वाळा दिला. प्रश्न वसुलीच्या रीतीचा आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘कर्ज आकारा’नुसार १९९९ पासूनची सारी थकीत कर्जे ५ एप्रिल २०१९ रोजी एकाच वर्षाचे उत्पन्न ठरली. दरवर्षी ३० हजार पौंड घेतलेल्याच्या नावे पाच वर्षांचे दीड लाख एकदम जमा झाले, आणि साध्या पगारदाराचे उत्पन्न ४० टक्के कराच्या पट्टीत गेले. सुमारे ५० हजार लोक या कक्षेत आले. या वसुलीशी संबंधित १० आत्महत्या खुद्द करखात्यानेच स्वतंत्र चौकशी संस्थेला कळवल्या.

सर अमायस मोर्स यांच्या डिसेंबर २०१९ च्या अहवालानंतर ९ डिसेंबर २०१० पूर्वीची कर्जे वगळण्यात आली. आता रे मॅककॅन यांच्या पुनर्विलोकनानंतर देण्यात दोन प्रमुख सवलती आहेत: विलंबव्याज माफ, आणि प्रत्येकाच्या देण्यातील पहिले ५ हजार पौंड रद्द. म्हणजे जे २०१७ च्या कायद्यातच विवेकाने करता आले असते, त्याला आठ वर्षे लागली.

प्रशासनात असताना थकबाकीच्या अनेक फायली माझ्या हातांखालून गेल्या. वेळेवर न पाठवलेली एक नोटीस पुढे दहा नोटिसांनीही भरून निघत नाही, हा त्यांतून मिळालेला अनुभव. खाते वर्षानुवर्षे गप्प राहिले की सामान्य माणूस त्या मौनाला संमती समजतो. त्या मौनाची किंमत एकट्या त्याच्याकडून वसूल करणे न्याय्य नव्हे.

आपल्याकडे दोन्ही उदाहरणे आहेत. खासगी कंपनीने मोठ्या भागधारकाला दिलेले कर्ज लाभांश मानण्याची तरतूद १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातच होती. नियम आधीच ठाऊक असल्याने विश्वासघाताची तक्रार उरली नाही. याउलट, जानेवारी २०१२ मध्ये व्होडाफोनविरुद्धचा खटला हरल्यावर सरकारने थेट १९६२ पासून लागू होणारी दुरुस्ती केली. हेगच्या लवादात पराभव पत्करला. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती दुरुस्ती मागे घेऊन वसूल केलेली रक्कम व्याजाविना परत करण्याचे मान्य केले. व्होडाफोनजवळ लवादाकडे जाण्याचे बळ होते. लंडनच्या परिचारिकेजवळ ते नव्हते.

सवलतींवर प्रामाणिक करदात्याचा आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे: मी वेळेवर भरले, मग यांना सूट का? म्हणूनच मूळ कर माफ होता कामा नये. व्याज आणि दंड यांत मात्र लवचीकता हवी. आपल्या २०२० च्या ‘विवाद से विश्वास’ योजनेचे सूत्रही साधारण हेच होते.

तरी एक हिशेब अपुराच राहतो. योजना विकत घेणाऱ्यामागे राज्यसंस्था दशकभर लागली. ती विकणारे अनेक जण कंपन्या गुंडाळून मोकळे झाले. आपल्याकडेही अनेकांना नोकरीऐवजी ‘सल्लागार’ म्हणून मानधन मिळते. त्या रचनेविषयी खात्याला काही सांगायचे असेल, तर ते आजच सांगावे, आणि पहिली नोटीस ती रचना विकणाऱ्याच्या दारी जावी.