कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या तर

गाईने वैरण सोडली की आपण लगेच डॉक्टरांना बोलावतो. वस्तीवरचा कुत्रा मात्र जेवला नाही, तर ‘म्हातारा झाला’ म्हणून सोडून देतो. आज त्याच्याच एका अवघड रोगाची माहिती घेऊ.

रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला होणाऱ्या कर्करोगाला डॉक्टर ‘हिमँजिओसार्कोमा’ म्हणतात. तो बहुधा पाणथरीत, म्हणजे प्लीहेत होतो. यकृतात, हृदयात आणि कातडीतही होतो. उतारवयाच्या कुत्र्यांत, विशेषतः अल्सेशियन, लॅब्रेडॉर अशा मोठ्या जातींत तो अधिक दिसतो. पण गावठी कुत्रा त्यातून सुटतो असे नाही. रक्ताने भरलेली गाठ पोटात गुपचूप वाढते. एके दिवशी ती फुटते आणि रक्त पोटात उतरते.

मग कुत्रा एकाएकी गळून बसतो, धापा टाकतो, पोट फुगते, हिरड्या पांढऱ्या फटक पडतात. कधी रक्त आपोआप थांबते आणि दुसऱ्या दिवशी तो शेपूट हलवीत उभा राहतो. येथेच घरची माणसे फसतात. कोणी म्हणते ऊन लागले होते, कोणी म्हणते दृष्ट उतरली. गाठ मात्र आत तशीच असते आणि पुन्हा फुटते.

म्हणून कुत्रा धडधाकट असतानाच त्याच्या हिरड्या पाहून ठेवा. त्या गुलाबी असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यावा. हिरड्या मुळातच काळ्या असतील, तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा.

हिरड्या पांढऱ्या म्हणजे कर्करोगच, असे मात्र नाही. गोचिडांमुळे येणाऱ्या तापातही त्या पांढऱ्या पडतात, आणि त्यावर औषध आहे. म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त आणि सोनोग्राफी तपासल्यावर उलगडा होतो. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे न्यावे का, हे डॉक्टरांनाच विचारा.

नेताना कुत्र्याला चालवू नका, त्याचे पोट चोळू नका. घरातली दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नका. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो.

पाणथरी काढून टाकली तरी कुत्रा जगतो. गाठ साधी निघाली, तर तो बरा होतो. कर्करोगाची निघाली, तर नुसत्या शस्त्रक्रियेने बहुधा एक ते तीन महिने मिळतात. पुढे औषधाची इंजेक्शने दिल्यास चार ते सहा. कातडीपुरतीच गाठ असेल आणि वेळीच काढली, तर आशा चांगली असते.

हा रोग मुलाबाळांना किंवा गुरांना लागत नाही, तेव्हा आजारी कुत्र्याला वस्तीबाहेर काढू नका. उपाय उरला नाही, तर त्याचे हाल न होता शेवट कसा करता येईल, हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. ज्याने रात्ररात्र जागून आपले खळे राखले, त्याचे एवढे देणे आपण लागतो.