कानातले मशीन कपाटात का जाते?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात चार घरे फिरले, तर एखाद्या घरात कानाचे मशीन डबीत बंद होऊन कपाटात पडलेले दिसण्याची शक्यता बरीच असते. आजोबांना कारण विचारले की उत्तर ठरलेले: “आवाज लई येतो, पण बोललेलं कळत नाय.” मुलगा समजतो की मशीन हलक्या प्रतीचे होते. मग पुढच्या खेपेला पुण्याहून महागडे येते, सोळा चॅनेलचे, ब्लूटूथवाले. काही महिन्यांत तेही त्याच कपाटात जाते. चूक बहुतेक वेळा मशीनच्या प्रतीत नसते. ते त्या कानाला जुळवलेलेच नसते.

हाच वाद घरातल्या नातवाच्या इअरफोनवरूनही चालू असतो. मंचावरचे गायक स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून कानात घालतात ते ‘इन-इअर मॉनिटर’ आता हौशी श्रोतेही हजारो रुपये मोजून घेतात. मग चर्चा रंगते, ती आत ड्रायव्हर किती आणि बारकावे किती टिपतो याला महत्त्व द्यायचे, की ट्यूनिंगला, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती उचलला आहे याला. २०१७ साली जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन व इअरफोन मोजले. त्यांच्या स्वरपट्ट्यांच्या तोलाचा आणि बाजारातल्या किमतीचा काही संबंध आढळला नाही. पैसे जास्त मोजले म्हणून ट्यूनिंग चांगले मिळते असे नाही.

यामागे कानाची रचना आहे. कानाची नळी ही एका टोकाला बंद असलेली नळीच. बासरीसारखी तीही एका विशिष्ट पट्टीला घुमते, साधारण अडीच ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास. बोलण्यातल्या व्यंजनांना स्पष्टपणा येतो त्यात या नैसर्गिक उचलीचा मोठा वाटा आहे. नळीच्या तोंडाशी काहीही घट्ट बसवले की ती उचल बिघडते, आणि ती यंत्राला भरून द्यावी लागते. प्रत्येकाच्या नळीची लांबी-रुंदी वेगळी, म्हणून भरपाईही वेगळी. इअरफोन असो वा श्रवणयंत्र, हा नियम दोघांनाही लागू आहे. फरक एवढाच की नातवाचे ट्यूनिंग चुकले तर गाणे बेचव लागते, आणि आजोबांचे चुकले तर ते माणसांतून उठतात.

वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस, ते ऐकू येत राहतात. स, श, त, च यांची सळसळ उंच आणि क्षीण, ती हरवते. म्हणून ‘सात’ आणि ‘हात’, ‘पाच’ आणि ‘पास’ यांत गल्लत होते. त्यातच आणखी एक पेच असतो: हळू बोललेले ऐकू येत नाही आणि जरा मोठ्याने बोलले की कान दुखतो. “मोठ्यानं बोल” आणि “ओरडतोस कशाला” ही दोन वाक्ये एकाच मिनिटात ऐकणाऱ्या सुनांना हे सांगायला नको. अशा कानात सगळेच आवाज सरसकट वाढवले, तर पंखा, भांडी आणि ट्रॅक्टर तेवढे मोठे होतात. इंटरनेटवर हजार-दीड हजाराला मिळणारी आवाज वाढवणारी साधने बहुधा हेच करतात.

२०१४ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी वयस्कर लोकांवर साधी आणि महागडी अशी दोन्ही श्रवणयंत्रे वापरून पाहिली. दोन्ही प्रकारची यंत्रे प्रत्येकाच्या कानाला नीट जुळवलेली होती. रोजच्या व्यवहारात महागड्या यंत्राचा म्हणावा असा जास्त फायदा दिसला नाही. याचा अर्थ तंत्र निरुपयोगी आहे असा नाही. एसटी स्टँडवर किंवा लग्नाच्या मांडवात समोरच्याचे बोलणे वेगळे काढायला दिशा ओळखणारे मायक्रोफोन मदत करतात. बहिरेपण तीव्र असेल किंवा माणूस रोज गर्दीत काम करत असेल, तर तो खर्च योग्यच ठरतो. पण तो जुळवणीनंतरचा खर्च आहे, तिच्याऐवजी करायचा नव्हे.

आपल्या योजनांचे गणित मात्र वस्तूभोवती फिरते. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांच्या खात्यात ३,००० रुपये जमा होतात. या योजना वाईट नाहीत, अनेकांच्या कानापर्यंत पहिले यंत्र त्यांच्यामुळेच पोहोचते. पण जुळवणी एका भेटीत संपत नाही. नवे आवाज मेंदूच्या अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात यंत्र दोन-तीनदा पुन्हा लावून घ्यावे लागते. अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडकडच्या म्हातारीने त्यासाठी नगरला यायचे म्हणजे प्रत्येक वेळी एक अख्खा दिवस, सोबतच्याची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे. शिबिरात यंत्रे किती वाटली हे मोजले जाते. सहा महिन्यांनी ती किती कानांत आहेत हेही मोजायला हवे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी ऑडिओलॉजिस्ट जुळवणीसाठी बसला, तर नवी खरेदी न करता कपाटातली बरीच मशीन पुन्हा कानात येतील.

तोपर्यंत यंत्र घेणाऱ्यांनी काही गोष्टींचा आग्रह धरावा. आधी कानातला मळ काढून ऑडिओग्राम करून घ्यावा. शिट्टी वाजत असेल तर आवाज कमी करून गप्प बसू नये, कानाचा साचा नीट बसतो का ते पाहून घ्यावे. कानात बारीक नळी घालून पडद्यापर्यंत प्रत्यक्षात किती आवाज पोहोचतो हे मोजता येते. ही काही मिनिटांची तपासणी करता का, असे दुकानात सरळ विचारावे. आणि जुळवणीला आजोबांना एकटे पाठवू नये. घरात ज्यांचे बोलणे त्यांना सर्वांत कमी कळते, मग ती नात असो की सून, त्यांनी सोबत जाऊन तिथेच नेहमीच्या आवाजात बोलून दाखवावे.