नकार शरीराचा आणि समाजाचा

रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी दूरदूरहून लोक येतात, ते नाशिक तीर्थक्षेत्र. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच नगरीत आहे. अंत्यसंस्कार आणि वैद्यक असे एकत्र नांदत असता, मूत्रपिंडरोपणाचा विचार येथूनच व्हावा, हे उचित होय.

परके मूत्रपिंड शरीर का स्वीकारत नाही, हा प्रश्न मानवापुढे प्रथम श्वानांनी उभा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्सिस कॅरेल यांनी रक्तवाहिन्या सांधण्याची रीत सिद्ध केली. श्वानाचे स्वतःचे मूत्रपिंड काढून पुन्हा बसविले तर ते टिके. दुसऱ्या श्वानाचे मात्र अल्पावधीत निकामी होई. शस्त्रक्रियेत उणीव नव्हती. नकार शरीराचा होता. १९४०च्या दशकात पीटर मेडावर यांनी सशांवर त्वचारोपण करून त्याचे मर्म उकलले. शरीराची संरक्षक यंत्रणा परके ओळखते आणि त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावल्यास अधिक त्वरेने नाकारते. १९६० मध्ये रॉय काल्न यांनी श्वानांना औषध देऊन हा नकार लांबविला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला, त्यामागेही मुक्या जीवांची ही पूर्वपीठिका होती.

आता जनुके बदललेल्या डुकराच्या मूत्रपिंडाकडे जगाचे डोळे लागले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे एका महिलेस ते बसविले गेले. १३० दिवसांनी, शरीराने नाकारल्यामुळे ते काढावे लागले. संशोधन थांबू नये, हे खरेच. परंतु मानवाची मूत्रपिंडे चितेवर भस्म होत असता प्राण्यांपुढे हात पसरणे कितपत न्याय्य?

मेंदूमृत्यूनंतरच्या अवयवदानास १९९४च्या कायद्याने मान्यता दिली. चार वैद्यकतज्ज्ञांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, त्यानंतरच निर्णय होतो; घाईची शंका निराधार आहे. देह विधींसाठी कुटुंबाकडे सन्मानाने परत येतो. तरीही ‘देह अपूर्ण राहिला तर गती मिळणार नाही’ ही भीती अनेक घरांत दान अडविते. ज्या परंपरेने देवकार्यासाठी अस्थी देणाऱ्या दधीचींना वंदनीय मानले, तिच्या वारसांना ही भीती शोभत नाही.

मात्र हा निर्णय अतिदक्षता विभागाच्या दारात, शोकाच्या क्षणी सुचत नाही. घरातील ज्येष्ठांनी आपली इच्छा कुटुंबीयांना आधीच सांगून ठेवली पाहिजे. एका दात्याची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांना डायलिसिसच्या यंत्रापासून मुक्त करू शकतात.

शरीराचा नकार औषधांनी आवरता येतो. ती वाट प्राण्यांच्या वेदनेतून सापडली. समाजाच्या नकारावर औषध नाही. तेथे विचारच हवा, आणि तो घराघरांतून सुरू झाला पाहिजे. मुक्या जीवांचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.