सुट्टीच्या दिवसाची बाजू

‘दोन दिवस सायकल हातात घेतली नाही, तर दम जातो.’ रोज पहाटे निघणाऱ्या सायकलस्वारांमध्ये हे वाक्य इतक्या ठामपणे म्हटलं जातं की विश्रांती घेणारा आपोआप आळशी ठरतो. दम खरंच जातो का? 1984 साली एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण बंद ठेवून मोजमाप केलं. तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 7 टक्के घटली. तीन आठवड्यांत! मग मंगळवारची एक सुट्टी काय बिघडवणार?

दुसरा दाखला दूधवाल्यांचा आणि पोस्टमनचा. ते वर्षानुवर्षं रोज सायकल चालवत आले, त्यांना कुठे विश्रांती लागली? दाखला खरा आहे, फक्त तो आपल्याला लागू नाही. ते बेताच्या चालीने जात. खंबाटकीच्या चढावर गेल्या रविवारची वेळ मोडायची त्यांना हौस नव्हती. ऑफिसला सावकाश सायकलने जाणाऱ्याने रोज खुशाल जावं. प्रश्न आहे तो वेग वाढवू पाहणाऱ्याचा.

कारण वेग चढावर वाढत नाही, तो नंतरच्या विश्रांतीत वाढतो. चढावर स्नायूंचे तंतू दुखावतात आणि त्यांतला ग्लायकोजेनचा साठा संपत येतो. तो पुरता भरायला, नीट जेवलात तरी, एखादा दिवस लागतो. डागडुजीला त्याहून अधिक. ती होण्याआधीच पुन्हा जोर लावला, तर थकव्यावर थकवा चढतो. गंमत अशी की अशा वेळी घड्याळही चकवतं. पाय जड, वेग कमी, आणि जीव तोडूनही नाडी नेहमीइतकी वर जात नाही. ‘हृदय मजबूत झालं’ म्हणून आपण खूश! हृदय मजबूत झालं असतं तर त्याच नाडीला वेग वाढला असता. झोप उडणं, घरच्यांवर विनाकारण खेकसणं, सकाळी उठल्याउठल्या नाडी चढी असणं, ही लक्षणं आधी घरात दिसतात, मग रस्त्यावर.

स्पर्धेआधीच्या सरावाचं शास्त्र तर ‘दम जातो’च्या सरळ उलटं सांगतं. लॉरां बोस्के आणि सहकाऱ्यांनी 2007 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा : शेवटचे दोन आठवडे सराव जवळपास निम्म्यावर आणा, पण जोर आणि दिवस कमी करू नका, कामगिरी सुधारते. म्हणजे विश्रांती म्हणजे लोळणं नव्हे. टूर द फ्रान्सच्या 21 टप्प्यांत सहसा दोन विश्रांतीचे दिवस असतात आणि त्या दिवशीही बहुतेक स्वार तास-दोन तास हलकी सायकल फिरवून येतात.

उरतो सवयीचा मुद्दा. त्यात मात्र तथ्य आहे. एकदा अंथरूण गोड लागलं की पुढचा आठवडा हातचा जातो. त्याला उपाय साधा आहे. त्याच वेळेला उठा, सपाट रस्त्यावर गप्पा मारता येतील अशा चालीने फिरा, नाहीतर चेन साफ करा.

सलग शंभर दिवसांची आव्हानं ठेवणाऱ्या संयोजकांना एकच विनंती : आठवड्यातली एक सुट्टी हजेरीत धरा, आणि ताप अंगावर काढून आलेल्याला टाळ्या न वाजवता घरी पाठवा.