गोळी दारात आली, पुढे?

तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या एका कालव्याकाठी, माझी आत्या राहते. वय ७४. दर महिन्याला गावातील आरोग्य स्वयंसेविका ओसरीवर येते, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजते, वहीत आकडा लिहिते आणि महिन्याच्या गोळ्या ठेवून जाते. तमिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेली ही ‘मक्कलै तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे लोकांना शोधत जाणारे वैद्यक. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबाने ग्रस्त आहेत. अशा देशात दवाखान्याने घरी यावे, या कल्पनेचा मी प्रशंसक आहे आणि राहीन.

गेल्या पोंगलला मात्र आत्याच्या तांदळाच्या डब्यामागे चार महिन्यांच्या न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाल्यापासून संध्याकाळी तिचे घोटे सुजत. एका खासगी दवाखान्याने त्यावर लघवी वाढवणारी गोळी दिली. सूज तशीच राहिली, रात्रीची झोप तेवढी गेली. तिने दोन्ही गोळ्या गुपचूप बंद केल्या. स्वयंसेविकेला का सांगितले नाही, असे विचारता ती म्हणाली, ‘‘उन्हातून येते बिचारी, तिला नको कसे म्हणू?’’ वहीत रक्तदाबाचा आकडा चढत होता आणि प्रत्येक आकड्याशेजारी नोंद होती : गोळ्या दिल्या.

यात वैद्यकीय गूढ काहीच नाही. अ‍ॅम्लोडिपिन धमन्यांच्या बारीक शाखा सैल करते, म्हणून रक्तदाब उतरतो. शिरा तितक्या सैलावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी पायांत झिरपते. शरीरात पाणी साठल्याची ही सूज नव्हे. म्हणून लघवीच्या गोळीने ती सहसा हटत नाही. मात्रा कमी केली किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध जोडीला दिले, तर बहुधा उतरते. एनालाप्रिल वा रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो आणि रुग्ण खोकल्याची बाटली विकत घेतो. क्लोरथॅलिडोनने रक्तातील सोडियम, पोटॅशियम घटू शकते. अ‍ॅटेनोलॉलने नाडी मंदावते, थकवा येतो. पण हृदयरोग्याने ते एकाएकी सोडले तर छातीतील कळ उसळू शकते. ही औषधे पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका टाळतात, हे निर्विवाद. पण डब्यामागे पडलेली गोळी काहीच टाळत नाही.

मराठी वाचकांना तंजावरचे सरफोजी राजे भोसले (दुसरे) ठाऊक असतील. १७९८ ते १८३२ या आपल्या राज्यकाळात त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथील नेत्रोपचारांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत : रुग्णाचा पूर्वेतिहास, केलेले उपचार, डोळ्यांची रेखाचित्रे. उपचार झाला एवढ्यावर त्या दरबाराचे समाधान नव्हते, असे ती कागदपत्रे पाहताना वाटते.

आपल्या कार्यक्रमांचे यश मुख्यतः १४०/९० च्या खाली आलेल्या रुग्णांच्या संख्येने मोजले जाते. २०१७ च्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही तोच निकष आहे. त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. निकष योग्यच, पण आकडा का चढला हे तो सांगत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. रुग्णाने स्वतः भरावयाचा अर्ज मराठीत आणि तमिळमध्येही आहे. आत्या तो कधी भरणार? मग स्वयंसेविकेनेच दर महिन्याला विचारावे : पाय सुजतात का, खोकला आहे का, उठताना चक्कर येते का, किती गोळ्या उरल्या? उत्तर ‘हो’ आले, तर आठवड्याच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी औषध तपासावे. असे विचारल्याने लोक घाबरून औषध सोडतील, अशी शंका अधिकारी मंडळी घेतात. माझ्या आत्याने कोणी न विचारताच सोडले होते.

आता तिची अ‍ॅम्लोडिपिनची मात्रा निम्मी आहे, जोडीला टेल्मिसार्टन आहे. पाय उतरले आहेत. वहीत त्या सुजेचा उल्लेख अजूनही कुठे नाही.