छोटी गाडी, मोठा धीर

सुट्टी लागली की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, मुलगा मोबाइल सोडत नाही. मोबाइल काढून घेणे सोपे असते. पण त्या रिकाम्या हातात काय द्यायचे, याचे उत्तर बहुतेक अम्मी-अब्बांकडे तयार नसते. म्हणून या महिन्यात आम्ही एका छंदाबद्दल लिहीत आहोत. तो डोळे, हात आणि डोके तिन्ही गुंतवतो, आणि घरातल्या मोठ्यांनाही जवळ ओढतो. हा छंद म्हणजे मोटारगाड्यांच्या छोट्या, पण मापात बरोबर असलेल्या प्रतिकृती बनवणे.

खेळण्यातली गाडी आणि ही गाडी यांत फरक आहे. खेळण्यातल्या गाडीचे चाक मोठे, दार छोटे असले तरी चालते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भाग खऱ्या गाडीच्या एकाच पटीत लहान करावा लागतो. या छंदात १/२४ हे माप फार चालते. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत अर्धा इंच. चार मीटर लांबीची गाडी या मापात साधारण साडेसोळा सेंटिमीटरची होते, म्हणजे तळहातावर सहज मावते. १/१८, १/३२, १/४३ ही मापेही असतात. मुलांच्या खिशात असतात त्या धातूच्या गाड्या साधारण १/६४ च्या आसपास येतात.

तयार किटमध्ये प्लास्टिकचे सुटे भाग एका चौकटीला जोडलेले मिळतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि चिकटवायचे. जपानमधील शिझुओका शहरातील तामिया ही कंपनी या कामात जगभर नावाजलेली आहे. तिची सुरुवात १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून झाली. पुढे लाकडी मॉडेल्स आली आणि १९६० पासून प्लास्टिकची. एका पोर्शे गाडीचे मॉडेल बिनचूक व्हावे म्हणून या कंपनीने खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा करून पाहिला. हातात मावणाऱ्या वस्तूसाठी एवढी मेहनत घेतात, हे मुलांना जरूर सांगावे.

आता कामाचा क्रम पाहू. आपल्या ओळखीत कोणी ना कोणी गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारे असतेच. त्यांना हा क्रम वाचून हसू येईल, कारण तो त्यांच्या रोजच्या कामाचाच आहे. आधी भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातून निघताना त्यांच्यावर तेलकट थर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग फटी आणि खड्डे लांबीने भरायचे, ती सुकली की पॉलिश पेपरने घासायची. त्यावर प्राइमर. प्राइमरने सगळे ओरखडे उघडे पडतात, तेव्हा पुन्हा घासायचे. मग रंगाचे पातळ हात, एकावर एक. एकाच जाड हातात काम उरकायला गेले की रंग ओघळतो आणि दाराच्या बारीक रेषा बुजून जातात. शेवटी पाण्याच्या पेपरने हलके घासून रबिंग. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईकडे, लॅकर रंग मारू नये. हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढुरकी धुरकट झाक येते. कोरडा दिवस पाहावा.

गोंदाचेही तसेच आहे. प्लास्टिकचा खास गोंद दोन्ही कडा किंचित विरघळवून त्यांना एकजीव करतो, म्हणून तो थेंबभर पुरे. झटपट चिकटवणारा गोंद काचेच्या भागाजवळ नेऊ नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धूसर होते. काचांसाठी शाळेतला साधा पांढरा गोंद उत्तम, सुकल्यावर तो दिसतही नाही.

खरी गोडी पुढे आहे, ती बारकाव्यांची. इथे गणित कामाला येते. खऱ्या गाडीत दाराची फट पाच मिलिमीटर असेल, तर १/२४ मध्ये ती ०.२ मिलिमीटर होते. तिच्यात पातळ काळा-करडा रंग सोडून वरचा पुसून घेतला की दार खरोखर उघडेल असे वाटते. सीटबेल्ट ४८ मिलिमीटर रुंद असेल, तर कागदाची पट्टी दोन मिलिमीटरची कापायची. इंजिनातली प्लगची वायर सात मिलिमीटर जाड, म्हणजे प्रतिकृतीत ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार. टायर कुट्ट काळा आणि चकचकीत रंगवू नये. रस्त्यावरच्या टायरकडे नीट पाहिले तर तो गडद करडा आणि मळका असतो. भागाकार शिकण्यासाठी याहून चांगला शिक्षक आम्हाला ठाऊक नाही. आठवीतल्या मुलाला वहीत जे रटाळ वाटते, तेच तो इथे आपणहून करतो.

खर्चाचा प्रश्न आहेच. परदेशी किट महाग पडते, शिवाय रंग, ब्रश, कटर वेगळे. ईदीचे सगळे पैसे पहिल्याच महिन्यात एका डब्यावर घालवावेत, असे आम्ही म्हणणार नाही. सुरुवात घरातल्या वस्तूंनी करावी. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा बॉडीला, शर्टाच्या डब्याचे पारदर्शक झाकण काचेला, रिकामी रिफिल सायलेन्सरच्या नळीला, चॉकलेटचा चांदीचा कागद बंपरला. हात बसला, आणि सुरू केलेली पहिली गाडी मुलाने पूर्ण केली, की मग किटचा विचार करावा.

पहिली गाडी कोणती? आमची सूचना आहे, पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही फियाट घराण्यातली गाडी, काळे अंग आणि पिवळे छप्पर घेऊन मुंबईभर धावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्या कमाईवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, मुलींची लग्ने झाली, गावाकडे मनीऑर्डरी गेल्या. तिची चाके साधारण साठ सेंटिमीटरची, म्हणजे प्रतिकृतीत अडीच सेंटिमीटर. औषधाच्या छोट्या बाटलीचे झाकण बसून जाईल. पण बाकीचे तपशील कागदावर सापडणार नाहीत. मीटर बाहेर कोणत्या बाजूला होता, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली कसा होता, डॅशबोर्डवर काय ठेवलेले असे, सीटवर कसले कापड होते, हे ज्यांनी ती गाडी चालवली त्यांनाच विचारावे लागेल.

आम्हाला सांगायचे आहे ते हेच. दादाजान किंवा मामू आयुष्यभर टॅक्सी चालवून आता एका कोपऱ्यात बसून आहेत. नातू त्यांना सलाम करतो आणि निघून जातो. बोलायला विषय नाही. हाच नातू पट्टी घेऊन जवळ बसला आणि म्हणाला, "दादाजान, कॅरिअरला किती पट्ट्या होत्या?" की त्या माणसाचे तीस-चाळीस वर्षांचे काम पुन्हा मोलाचे होते. गॅरेजमधले चाचा, ज्यांच्या काळ्या हातांची मुलांना शाळेत लाज वाटते, ते लांबी कशी भरायची हे दाखवू लागले की उस्ताद ठरतात. हातांच्या कसबाला आपल्या घरात इज्जत उरेल की नाही, हे अशाच छोट्या गोष्टींतून ठरते. ज्यांना हे सगळे तोंडपाठ आहे ती माणसे वयस्कर होत चालली आहेत. विचारायचे ते आताच विचारले पाहिजे.

काही पथ्ये मात्र कडक पाळावीत. थिनर आणि स्प्रे रंग पेट घेतात आणि त्यांची वाफ छातीला त्रास देते. स्वयंपाकघरात, पेटत्या शेगडीजवळ ते कधीही वापरू नयेत. खिडकी उघडी, तोंडाला मास्क, आणि दम्याचा त्रास असलेले किंवा गरोदर कोणी असेल तर त्या खोलीत हे काम नकोच. लहान मुलांना पाण्यात विरघळणारे रंग द्यावेत. कटर वापरताना मोठे माणूस शेजारी असावे आणि बारीक भाग रांगत्या बाळाच्या हाती लागू नयेत.

आणखी एक. हा छंद फक्त मुलग्यांचा नाही. मेंदीची बारीक नक्षी काढणाऱ्या मुलीच्या हाताला ०.२ मिलिमीटरची रेषा अवघड जात नाही. तिलाही पट्टी आणि ब्रश द्या.

रोज अर्धा तास पुरे. गाडीला दोन महिने लागले तरी हरकत नाही. ती पूर्ण झाली की कपाटात कुलूपबंद करू नका. ज्यांनी खरी गाडी चालवली, त्यांच्या उशाशी ठेवा.